सिस्टर, आता पुढं काय?

वॉर्डात गंभीर पेशंट असला की नातेवाइकांचे प्रश्न दिवसभर सुरूच असतात. सलाईन संपत आलं का, रिपोर्ट कधी येणार, डॉक्टर राउंडला कधी येतील, आज डोळे का उघडत नाहीत. नीट ऐकलं तर या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न असतो: सिस्टर, आता पुढं काय? धीर देणं म्हणजे खांद्यावर हात ठेवून "काही होत नाही, देवावर भरवसा ठेवा" म्हणणं, असा आपल्याकडे समज आहे. मला तो पटत नाही. पुढच्या बारा तासांत काय घडू शकतं आणि त्यात आपल्या हातांनी काय करायचं, हे ज्या घराला कळलं ते घर उभं राहतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते बहुतेक हातांचंच काम आहे. सिस्टर-ब्रदर मंडळींसाठी लिहिलंय, पण घरात कुणी गंभीर आजारी असेल त्यांनाही उपयोगी पडेल.

सोलापुरात पहिली अडचण भाषेची येते. एकाच वॉर्डात पूर्व भागातलं तेलुगू घर, अक्कलकोटकडचं कानडी घर, माढा-मोहोळचं मराठी घर आणि घरात उर्दू बोलणारं कुटुंब शेजारी शेजारी असतात. कामचलाऊ मराठी सगळ्यांना येते, त्यामुळे आपण धरून चालतो की सगळं समजलं. पण दुखणं माणूस आईच्या भाषेत सांगतो. तेलुगूत दुखण्याला 'नोप्पि', पाण्याला 'नीळ्ळु', श्वासाला 'ऊपिरि'; कानडीत 'नोवु', 'नीरु', 'उसिरु'. एवढे सहा शब्द पाठ असले तरी रात्रपाळीत म्हाताऱ्या पेशंटचं अर्धं काम होतं. महत्त्वाचं सांगायचं असेल तर घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला दुभाषी करू नये. शाळेमुळे त्याची मराठी सगळ्यात चांगली असते हे खरं, पण आपल्या आईच्या आजाराची बातमी त्याच्या तोंडून बापाला कळवणं हा त्या लेकरावर अन्याय आहे. वॉर्डातल्या मावशी, मामा किंवा दुसरी सिस्टर ती भाषा बोलणारी असतेच, त्यांना बोलवा.

मराठीतही दुखण्याचे प्रकार शब्दांतूनच कळतात. ठणकतंय, कळ मारते, आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. आग, मुंग्या आणि करंट हे बहुधा नसेचं दुखणं असतं. त्याला साध्या वेदनाशामकानं फारसा उतार पडत नाही, वेगळं औषध लागतं. पेशंट म्हणाला तोच शब्द नोटमध्ये लिहिला तर डॉक्टरांना दिशा मिळते. नुसतं 'वेदना आहे' लिहिलं की ती हरवते.

निदान किंवा पुढचा अंदाज सांगणं डॉक्टरांचं काम. सिस्टरचं खरं काम डॉक्टर निघून गेल्यावरच्या पाच मिनिटांत असतं. शक्य असेल तर डॉक्टर बोलत असताना तिथं उभं राहावं, म्हणजे काय सांगितलं गेलं ते आपल्याला ठाऊक असतं. मग एक स्टूल ओढून बसावं आणि विचारावं, "डॉक्टर काय म्हणाले, तुमच्या शब्दांत सांगा बघू." बसणं महत्त्वाचं. दारात उभ्या सिस्टरला कुणी मनातलं विचारत नाही. उत्तर ऐकलं की गैरसमज लगेच सापडतात. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' याचा अर्थ चांगला आला असा घेतलेली घरं आहेत. 'छातीत पाणी झालंय' म्हणजे पाणी जास्त पाजलं गेलं असं समजून पेशंटचं पाणी बंद केलेलीही आहेत. चूक एकेक करून दुरुस्त करायची, एका वेळी दोन-तीन गोष्टींच्या वर सांगायचं नाही. बातमी ऐकल्या क्षणी माणसाचे कान बंद होतात, त्यामुळे तीच गोष्ट संध्याकाळी पुन्हा सांगावी लागते. पुन्हा विचारलं म्हणून वैतागू नये.

"त्यांना काही सांगू नका हं सिस्टर." ही विनंती जवळजवळ प्रत्येक घरातून येते. त्यामागं प्रेमच असतं, म्हणून "पेशंटचा हक्क आहे" असं फटकन सुनावू नये. आधी विचारावं, सांगितलं तर काय होईल असं वाटतं? "हाय खातील", "जेवण सोडतील", अशी उत्तरं येतात. मग शांतपणे दोन गोष्टी सांगाव्यात. एक, बहुतेक पेशंटना अंदाज आलेला असतो. केमोच्या खोलीत शेजारी कोण बसलंय ते त्यांना दिसतं. दोन, न सांगितल्यानं ते एकटे पडतात, शेताच्या वाटणीचं, पोरीच्या लग्नाचं, कुणाला भेटायचं राहिलंय त्याचं बोलणं राहून जातं. आणि आपली भूमिका स्वच्छ ठेवावी: "मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण त्यांनी मला थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही. किती जाणून घ्यायचंय ते आधी त्यांनाच विचारीन आणि डॉक्टरांना बोलवीन." हे एकदा बोललं की पुढं दोन्हीकडून आपल्यावर विश्वास राहतो. काही पेशंट खरंच म्हणतात, मला नको सांगू, माझ्या थोरल्याला सांग. तेही मानायचं.

अतिदक्षता विभागाबाहेरचं दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चादर अंथरून पाच-सहा माणसं दिवसभर बसलेली, कारण 'कधी बोलावतील काय माहीत'. यावर एकच उपाय लागू पडतो, ठरलेली वेळ. सकाळी राउंड झाल्यावर आणि संध्याकाळी भेटीच्या वेळी, घरातल्या एका ठरलेल्या माणसाला दोन-तीन मिनिटं माहिती. तोच बाकीच्यांना सांगेल. रात्री काही बदललं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा तो फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. वेळ पाळली जाते हे एकदा कळलं की करमाळा-सांगोल्याकडची माणसं शेवटची एसटी पकडून घरी जाऊन झोपतात. वेळ पाळली नाही तर मात्र दुसऱ्या दिवशी दारावर गर्दी आणि आवाज दोन्ही वाढतात.

पहिल्यांदा आत नेण्याआधी दारातच अर्धा मिनिट थांबून काय दिसणार ते सांगावं. तोंडात नळी आहे, म्हणून बोलता येणार नाही. चेहरा सुजलाय. नळी ओढू नये म्हणून हात सैल बांधलेत. मशीन मधूनच वाजेल, प्रत्येक वेळी ते धोक्याचं नसतं. हात धरला तर चालतो, नावानं हाक मारा. हे न सांगता आत सोडलेलं माणूस दोन पावलांवर चक्कर येऊन बसतं, आणि बांधलेले हात बघून 'छळ करतात' अशी बाहेर चर्चा होते.

सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं आहे ते घरी सोडतानाचं. डिस्चार्जच्या दिवशी बिल, गाडी, औषधं या धांदलीत शिकवलेलं काहीच लक्षात राहत नाही. घरी जाणार हे दिसायला लागलं की किमान तीन दिवस आधी सुरुवात करावी. पहिल्या दिवशी आपण करायचं, त्यांनी बघायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करायचं, आपला हात जवळ. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानं करायचं, आपण मागं उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "समजलं का?" हा प्रश्नच विचारू नये, त्याला सगळे "हो" म्हणतात. "करून दाखवा" म्हणावं. आणि शिकवायचं ते रात्री जो खरोखर उठणार आहे त्याला. पुष्कळदा आपण कर्त्या मुलाला शिकवतो आणि घरी सगळं सुनेला करावं लागतं.

कूस बदलणं दर दोन तासांनी. भिंतीवर घड्याळाजवळ कागद लावायला सांगा: आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, आणि करणाऱ्यानं सही करायची. पूर्ण आडवं कुशीवर न ठेवता पाठीमागं उशी देऊन थोडंच, साधारण तीस अंश कलतं ठेवावं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. टाचा हवेत राहतील अशी पोटरीखाली घडी. सरकवण्यासाठी आपली सोलापुरी चादर फार कामाची, दोन माणसांनी चार टोकं धरली की जड पेशंटही उचलता येतो. पण तिची वीण जाड असते, उघड्या कातडीला घासते. म्हणून वर जुन्या सुती साडीची घडी हवीच, आणि ओढायचं नाही, उचलायचं. ओढल्यानं कातडी आतून फाटते, जखम मागाहून दिसते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, कान या जागा रोज बघायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लगेच दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं लावून बघावं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागलं तर तिथला भार ताबडतोब काढायचा. अशा जागी तेल लावून जोरात चोळणं हा घरोघरचा उपाय आहे, आणि त्यानंच जखम लवकर फुटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडेच्या दाबानं रक्तपुरवठा तुटतो. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं चुकत नाही, आणि वीज गेली की ती गादी सपाट होते हे लक्षात असू द्या.

नाकातली नळी असेल तर पाजण्याआधी दोन गोष्टी: नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का, आणि सिरिंजनं ओढल्यावर पोटातलं पाणी येतं का. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर. एका वेळी दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, सिरिंजचा दट्ट्या काढून, आपोआप उतरू द्यायचं. घाईनं दाबलं की उलटी होते आणि अन्न छातीत जातं. आधी आणि नंतर तीस मिलिलिटर साधं पाणी. पाजून झाल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर डोकं वरच. ज्वारीची पेज, वरणाचं पाणी, नाचणी, ताक सगळं चालतं, पण दोनदा बारीक गाळणीतून गाळलेलं. एक दाणा नळी बंद करतो. गोळ्या कुटण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. खोकला आला, चेहरा निळसर झाला तर तिथंच थांबायचं. नळी निघाली तर घरी परत घालायची नाही, दवाखान्यात यायचं. ही शेवटची सूचना लेखी द्या.

लघवीच्या पिशवीचं थोडक्यात: पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी, नळी मांडीला चिकटवलेली. चार-पाच तास लघवीच आली नाही तर आधी नळी कुठं मुडपलीय का ते बघायचं, मग फोन.

तोंडाची काळजी फार विसरली जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. चूळ भरता येत असेल तर दिवसातून चार-पाच वेळा, नाहीतर बोटाला मऊ सुती फडकं गुंडाळून पुसायचं. पाणी रोज ताजं करायचं. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या घरात झोपून असलेल्या पेशंटचं तोंड दर दोन तासांनी ओलं करावं लागतं.

ऑक्सिजन मशीन घरी न्यायचं असेल तर आधी विजेचं विचारा. वीज जाते तेव्हाचं काय? त्यासाठी भरलेला सिलिंडर जवळ हवा. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास पुरतो, चार लिटरनं सहाच तास. हा हिशेब घरच्यांकडून कागदावर करून घ्यावा. मशीन भिंतीपासून फूटभर दूर, जाळी आठवड्याला धुऊन वाळवून बसवायची, बाटलीतलं पाणी रोज बदलायचं. त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस, विडी काहीही पेटवायचं नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट: ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथं वळायला घेतलेलं तंबाखूचं सूप, म्हणजे ती सुपली, पेशंटच्या खोलीत नको. घरात एकच खोली असेल तर निदान वळणारीनं दाराशी, धूळ पेशंटकडे येणार नाही अशा बाजूला बसावं. "विड्या बंद करा" असं म्हणणं सोपं आहे, पण त्या विड्यांच्या मजुरीवरच औषध येत असतं. सूप कुठं ठेवायचं ते सांगणं जास्त उपयोगाचं.

आता जेवणाचं, कारण घरं सगळ्यात जास्त इथं मोडतात. आजार फार पुढं गेला की भूक जाते. घरच्यांना वाटतं जेवत नाही म्हणून खंगतोय. खरं तर बहुतेकदा आजारामुळं शरीर अन्न वापरेनासं झालेलं असतं, म्हणून भूक मेलेली असते. जबरदस्तीनं भरवलं तर ठसका, उलटी, न्यूमोनिया. मग सलाईनचा आग्रह सुरू होतो, "दोन बाटल्या लावा, ताकद येईल". तेव्हा हिशेब सांगावा: पाच टक्के साखरेच्या पाचशे मिलिलिटर बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे पाच चमचे. एका भाकरीएवढीही ताकद त्यात नाही, आणि शेवटच्या टप्प्यात ते पाणी पायाला सूज आणि छातीत घरघर वाढवू शकतं. पण नुसतं "नको" म्हणून हात झटकू नये. आईला काहीतरी भरवायचंच असतं. तिला दोन चमचे ताक, बर्फाचा बारीक तुकडा, मधूनच ओठांना लोणी असं करायला द्यावं. भूक शिल्लक असलेल्या पेशंटला प्रथिनं हवी म्हणून सरसकट अंडी लिहून देऊ नयेत. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, माळकरी घरं पुष्कळ. शेंगदाण्याचं कूट, डाळ, दही, ताक यांवर बसवता येतं.

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या आल्या की घरात भीती शिरते: नशा लागेल, किंवा 'शेवटचं औषध' दिलं. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी बांधून दिलेल्या प्रमाणात घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. साधी गोळी चार तास टिकते, म्हणून ती घड्याळावर द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. दुखणं डोक्यावर चढल्यावर दिलेली गोळी उशिरा आणि अपुरी पडते. सुरुवातीला दोन-तीन दिवस झोप आणि मळमळ येते, मग कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, त्यामुळे जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबतच हवं. ते लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना आठवण करून देणं आपलं काम. हाक मारूनही नीट जाग येत नसेल, श्वास फार सावकाश झाला असेल तर पुढची गोळी न देता लगेच फोन. मनानं एकदम बंद करायचं नाही. गोळ्या कुलपात, दिलेल्या वेळांची वही सोबत. एक जमेची बाजू म्हणजे 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय.

पैशाचं बोलणं पलंगाशेजारी करू नये, पेशंटला ऐकू जातं आणि तो औषध नको म्हणायला लागतो. पण ते टाळूही नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दाखल झाल्याच्या दिवशीच घरच्यांना आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाकडे पाठवावं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. हमखास अडतं ते नावावर: रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवलेलंच नाही. हे पहिल्या दिवशी कळलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं. रेडिएशन असेल तर आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे, तरी रोजची ये-जा झेपत नाही, तेव्हा राहण्याची सोय आधी विचारून ठेवायला सांगा.

सांभाळणारं माणूस बहुधा एकच असतं आणि ते पलंगाखाली झोपतं. त्याला रोज एकदा नावानं विचारावं, "अक्का, तुम्ही जेवलात का? रात्री किती झोप झाली?" सलग तीन रात्री झोप नसेल तर दुसरं माणूस बोलवायला आपणच सांगावं. सुनेनं सांगितलं तर घरात ऐकत नाहीत, सिस्टरनं सांगितलं तर ऐकतात. त्या माणसाची स्वतःची बीपी-शुगरची गोळी चालू आहे का तेही बघा. फार खचलेलं, जगणं नको म्हणणारं कुणी असेल तर एकटं सोडू नये, डॉक्टरांना कळवावं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर द्यावा.

घरात लहान मुलं असतील तर 'बाबा गावाला गेलेत' नको. बाबांना मोठा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, तुला जवळ बसता येईल, एवढं पुरतं.

शेवटच्या दिवसांची खूण आधी सांगून ठेवली तर घाबरून मध्यरात्री रिक्षात घालून धावपळ होत नाही. झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, कातडीवर जांभळट जाळी दिसते. श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण पेशंट बेशुद्धीत असतो, त्याला बहुधा तिचा त्रास होत नाही. कुशीवर वळवून डोकं थोडं वर ठेवलं की आवाज कमी होतो. घशात बोट किंवा पाणी घालायचं नाही. गंगाजल किंवा तीर्थ द्यायचंच असेल तर ओठांना बोट टेकवण्याएवढं. ऐकू येणं शेवटपर्यंत राहू शकतं, म्हणून उशाशी वाटणीची भांडणं नकोत. हरिपाठ, बसवेश्वरांची वचनं, कुराणाचं पठण, जे त्या घरचं असेल ते हळू आवाजात.

घरी मृत्यू होणार असेल तर प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार हे आधीच विचारून ठेवायला सांगा. रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरणं फार वाईट. नोंद 21 दिवसांच्या आत, शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. दवाखान्यात मृत्यू झाला तर अंगावरचे दागिने दोन साक्षीदारांसमोर मोजून, लिहून, सही घेऊन द्यावेत. नळ्या काढून, तोंड पुसून, केस नीट करूनच नातेवाइकांना जवळ बोलवावं. आंघोळ, कुंकू, दिशा या गोष्टी घराघरात वेगळ्या असतात. आपण ठरवू नये, विचारावं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या जिथून मिळाल्या तिथंच परत द्यायला सांगावं.

दहा-पंधरा दिवसांनी घरचं कुणीतरी कागदांसाठी पुन्हा वॉर्डात येतं. काम झाल्यावरही घुटमळतं आणि मग विचारतं, "सिस्टर, आमचं काही चुकलं का?" तेव्हा "नशीब होतं" म्हणून मोकळं होऊ नये. दोन मिनिटं बसवून, आपण डोळ्यांनी पाहिलेलं सांगावं: तीन महिने पडून होते, पाठीला एकही जखम नव्हती. गोळीची एक वेळ तुम्ही चुकवली नाही, वही मी बघितलीय. रात्रीची कूस तुमच्या सूनबाई बदलायच्या, त्यांनाही हे माझ्याकडून सांगा.